झोत संपतो ती जागा

या, सरकून बसा जवळ. ही गोष्ट म्हणाल तर गोष्ट नाहीच. आपल्या ओळखीतल्या माणसाच्या बाबतीत घडलेलं आहे. बाजारात, घड्याळाच्या दुकानाला लागून, चष्म्याचं दुकान होतं ना, त्याचा मालक. सगळे त्याला चष्मेवालाच म्हणत. सरळ माणूस. खोटं बोलायचं तर आधी त्यालाच घाम फुटायचा.

रात्र अमावास्येची. थंडीचे दिवस, आणि आभाळ आठवडाभर असं भरून राहिलेलं की भर दुपारी दुकानात दिवा लावावा लागे. चष्मेवाल्याने शटर ओढलं, वायरमनचा दुरुस्त केलेला चष्मा डबीत घातला आणि निघाला. वायरमनचं दुकान मागच्याच गल्लीत. कामं दोनच. चष्मा द्यायचा आणि एक शब्द घेऊन यायचा. हो की नाही.

कसला शब्द? सांगतो. दम धरा.

या चष्मेवाल्याला टॉर्चचा नाद होता. हसू नका, नाद कशाचाही लागतो माणसाला. कुणी कबुतरं पाळतो, कुणी पतंग उडवतो. हा, त्याचा वायरमन मित्र आणि शाळेतले मास्तर, असे तिघे टॉर्च जमवायचे. वायरमनच्या दुकानामागे वायरींच्या गुंडाळ्या ठेवायची खोली होती. तिची एक भिंत त्यांनी मुद्दाम पांढरी करून घेतलेली. महिन्यातून एकदा तिथे बसायचे. कुणाचा झोत लांब जातो, कुणाचा पसरतो, कुणाच्या उजेडात हाताच्या शिरा खऱ्या रंगाच्या दिसतात, यावर तासन्‌तास वाद. बायका म्हणायच्या, घरातला बल्ब गेला तर बदलायला हात उठत नाही आणि बाहेर उजेडाच्या गप्पा!

आणि या तिघांचं एक स्वप्न होतं. लांब कुठे तरी वाळवंट आहे. तिथे वर्षातून एकदा कलाकार मंडळी जमतात. लाकडाचे, लोखंडाचे मोठमोठे आकार उभे करतात, रात्री ते उजळतात, आणि चार दिवसांनी सगळं मोडून निघून जातात. मागे काडी ठेवत नाहीत. जाणाऱ्याने पाणीसुद्धा आपलं आपण न्यायचं. पण चष्मेवाल्याला त्या आकारांचं फारसं अप्रूप नव्हतं. त्याला हवा होता त्यांच्या पलीकडचा अंधार. गावात झोत टाकला की कुठे तरी अडतोच. भिंत, खांब, नाही तर कुणाची खिडकी, आणि मग आतून शिवी. झोत कशालाही न अडता, आपला आपण दमून जिथे संपतो, ती जागा त्याने जन्मात पाहिली नव्हती.

दरवर्षी जायचं ठरायचं. दरवर्षी चर्चा व्हायची. आणि चर्चेतच बुकिंगची मुदत संपायची.

आधी चौघे होते ते. चौथा तंबूवाला. लग्नाकार्याला तंबू, खुर्च्या भाड्याने द्यायचा. फटकळ माणूस. यांचं गुऱ्हाळ सुरू झालं की मांडीवर थाप मारून म्हणायचा, "ते राहू द्या. निघायचं बोला." यांचं निघणं होईना. तेव्हा गेल्या वर्षी वैतागून तो एकटाच गेला. तिथे तिसऱ्या रात्री तंबूबाहेर पडला, अंधारात चालत गेला. दोन दिवसांनी सापडला, पार लांब. उन्हाने गेला, म्हणाले. त्याची टॉर्च काही सापडली नाही. त्या टॉर्चचा उजेड वेगळाच होता. पिकलेल्या पेरूच्या गरासारखा, फिकट गुलाबी. तसा उजेड या तिघांत कुणाकडे नव्हता.

आता चष्मेवाल्याचं. इतरांच्या डोळ्यांना भिंगं लावणारा माणूस, आणि त्याचेच डोळे चालले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आधी रात्रीचं जाईल, मग कडेकडेने अंधारत येईल. पुढच्या वर्षी या दिवसांत काळोखात तुम्हाला काही दिसेल असं धरून चालू नका. हे त्याने बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. म्हणजे जायचं तर यंदाच. आणि बुकिंग दुसऱ्या दिवशी दुपारी बंद होणार होतं. एकट्याने जायचं तर रात्री हात कोण धरणार? तो शब्द हवा होता त्याला.

तर पोचला. मागच्या खोलीत मास्तर आधीच येऊन बसलेले. वायरमनने चष्मा नाकावर चढवला, म्हणाला, "वा! आता मास्तरांचं टक्कल साफ दिसतंय."

मास्तर म्हणाले, "दिसू दे. झोत परतवायला बरं असतं."

चष्मेवाला हसला नाही. "उद्या दुपारपर्यंत मुदत आहे. हो म्हणा, सकाळी तिकिटं काढतो."

"अरे, हो तर आहेच," वायरमन म्हणाला. "पण चार्जिंगचं काय? तिथे प्लग नाहीत. सोलर न्यायचं, तर कुठलं?"

"आणि धूळ," मास्तर म्हणाले. "त्या पांढऱ्या धुळीपुढे रबरी वायसर टिकत नाही म्हणे. आधी इथे पिठात घालून बघायला हवं."

"कशाला पिठात?" वायरमनने विचारलं.

"टॉर्च हो! पिठाच्या डब्यात घालून हलवायची. पीठ आत गेलं तर धूळही जाणार."

"मास्तर, हे तुम्ही गेल्या वर्षीही म्हणाला होतात," चष्मेवाला म्हणाला.

"मग? केलं का कुणी?"

वायरमनला चेव आला. "पीठ जाड असतं. टाल्कम पावडर घ्या. आणि प्रखर टॉर्च तिथे चालत नाहीत बरं का. लोकांचे डोळे अंधाराला सरावलेले असतात, तोंडावर झोत मारला तर धरून चोपतात. लाल दिव्याची हवी."

"लाल म्हणजे किती लाल, ते आधी ठरवू," मास्तर म्हणाले.

आणि सुरू झालं. लाल किती लाल. चष्मेवाला ऐकत राहिला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. त्याच्या कानशिलात ठणकायला लागलं. तेच शब्द, तीच दोन तोंडं. शेवटी त्याने टेबलावर मूठ आपटली.

"मला पुढच्या वर्षी दिसणार नाही रे!"

 मग त्याने सगळं सांगितलं. डॉक्टर, रात्र, कडेचा अंधार, सगळं. वायरमनने चष्मा काढून उगाच पुसला.  मास्तर म्हणाले,

"असं असेल तर... मग तर नीटच विचार करून ठरवायला हवं."

काय करावं माणसाने? डोकं आपटावं भिंतीवर. चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. तो उठलाच. वायरमनने त्याचा हात धरला. "बस रे. एक फेरी करू. फेरीनंतर सांगतो, हो की नाही. शपथेवर."

फेरी म्हणजे त्यांचा खेळ. मोठा दिवा बंद करायचा. मग एकेकाने पांढऱ्या भिंतीवर झोत टाकायचा आणि बाकीच्यांनी नुसत्या उजेडावरून टॉर्च ओळखायची. फेरीत दुसऱ्या कुणाची चुकून लागू नये म्हणून प्रत्येकाने खिशातल्या आपल्या सगळ्या टॉर्चची मागची टोपी पाव फेरा सैल करून ठेवायची. म्हणजे बटण दाबलं तरी लागत नाही. आपली पाळी आली की टोपी पिळायची. यालाच ते कुलूप लावणं म्हणत.

तिघांनी कुलपं लावली. वायरमनने दिवा घालवला.

पहिला झोत वायरमनचा. पिवळट. "जुनी, तांब्याची," मास्तर म्हणाले. बरोबर. दुसरा मास्तरांचा. निळसर, कडेला हिरवी झाक. तिसरा चष्मेवाल्याचा, लांब पल्ल्याचा, भिंतीवर नुसता टिकलीएवढा. त्याने बंद केला, सवयीने टोपी सैल केली. फेरी संपली.

अंधार.

आणि भिंतीवर उजेड पडला.

फिकट गुलाबी.

आधी चष्मेवाल्याला संतापच आला. "वायरमन, ही चेष्टा करायची वेळ आहे? कुठून आणलीस तसली टॉर्च?"

"मी नाही," वायरमनचा आवाज डावीकडून आला. "मास्तर, तुम्ही का?"

"माझे दोन्ही हात... मांडीवर आहेत."

झोत मागून येत होता. तिघांच्याही मागून. मागे वायरीच्या मोठ्या रिळाशिवाय काही नव्हतं. तंबूवाला त्याच रिळावर बसायचा.

कुणी मान वळवली नाही.

काय म्हणालास बाळ? टॉर्च का नाही लावल्या? अरे, दाबल्या ना! तिघांच्या खिशांत मिळून दहाबारा टॉर्च. दाबतायत, दाबतायत, एक लागेल तर शपथ. घाबरलेल्या माणसाला कुलूप कुठलं आठवतं? नुसता बटणांचा आवाज. टक्. टक्. टक्.

मग तोही थांबला.

चष्मेवाल्याने भिंतीकडे नीट पाहिलं. झोत भिंतीवर अडला नव्हता.

पुढे गेला होता.

भिंत होती तिथे सपाट जमीन होती. पांढरी, भेगाळलेली. झोत तिच्यावरून सरळ जात होता. लांब. आणखी लांब. ना खांब. ना खिडकी.

गुलाबी उजेड दोनदा मिटला, दोनदा लागला. चल, म्हणावं तसा.

तो उठला. पाऊल टाकलं. पायाखाली फरशी नव्हती, काही तरी कुरकुरलं. मागून वायरमन ओरडला, "अरे, कुठे..." मग मास्तरांची हाक. मग पुन्हा हाक, लांबून. मग...

आता फक्त पावलं. त्याची. आणि मागे आणखी कुणाची तरी. तो थांबला की ती थांबत.

उजेड पाठीमागून येत होता. पुढे त्याची सावली पडायला हवी होती.

पडली नव्हती.

हवा तापत चालली होती. रात्र होती आणि हवा तापत होती. घसा कोरडा. पाय थांबेनात. समोर झोत फिकट होत होता. विरळ. आणखी विरळ. तिथेच संपणार होता तो. आता. चार पावलांवर.

तिथे कुणी तरी पाठमोरं बसलं होतं.

खांदे ओळखीचे.

चष्मेवाल्याने तोंड उघडलं.  बसलेल्याने मान वळवली नाही. एक हात तेवढा वर केला. पंजा उघडा. थांब...

आणखी एक पाऊल पडलं. पंजा तसाच. 

थांब.

...

ट्यूबलाइट फडफडली आणि लागली. वायरमन चाचपडत, पडत, धडपडत दिव्याच्या स्विचपर्यंत पोचला होता. चष्मेवाला भिंतीला नाक लावून उभा होता, दोन्ही तळवे चुन्यावर दाबलेले. खोली ती केवढी! पाच पावलांत संपते. पण मास्तर पांढरेफटक पडून म्हणाले, "तुझी पावलं... तुझी पावलं लांब लांब जात होती रे. बारीक होत होत ऐकूच येईनाशी झाली."

रिळावर कुणी नव्हतं.

मग वायरमन एकदम बोलायला लागला. "जायचं. सकाळीच तिकिटं काढ. दोघंही येतो." मास्तर म्हणाले, "हो. पीठबीठ काही नको." इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका दमात दोघांचा होकार. चष्मेवाला त्यांच्याकडे बघत राहिला. ज्या शब्दासाठी तो रक्त आटवत होता, तो शब्द आता मिळाला होता. त्याने नुसती मान हलवली. नाही.

"का रे? ती जागा बघायची होती ना तुला?"

"जरा पाणी दे," तो म्हणाला. तांब्याभर पाणी एका दमात प्यायला, आणखी मागितलं. मग म्हणाला, "मागे कोण चालत होतं, ते कळलं नाही."

"म्हणजे? तंबूवालाच ना?"

"तंबूवाला पुढे बसला होता."



चष्मेवाला घरी गेला. बायको दाराशी वाट बघत होती. त्याचा चेहरा दिसला तशी तिने त्याला ओढून दिव्याखाली नेलं.

"अहो, हे काय? कुठे होतात तुम्ही?"

"वायरमनकडे. का?"

तिने आरसा आणून समोर धरला. चेहऱ्याची डावी बाजू कपाळापासून हनुवटीपर्यंत करपलेली. लालकाळी. नाकाच्या शेंड्याची साल निघालेली. आणि त्याच्या स्वतःच्या चष्म्याची काडी जिथे कानापर्यंत जाते, तिथे एक सरळ, पांढरी रेघ.

आठ दिवस सूर्य दिसला नव्हता, पोरांनो.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं त्याचं रात्रीचं दिसणं वर्षभरात गेलं. करपलेली कातडी महिन्याभरात गेली, चेहरा होता तसा झाला. रेघ मात्र गेली नाही. आजही तो चष्मा काढतो तेव्हा डाव्या कानशिलावर दिसते. ऊन लागू नये म्हणून कुणी तिथे बोट धरून ठेवावं, तशी.