गाणं नसलेली शर्यत

धुळ्याहून सुटलेली जळगावची बस पारोळ्याच्या अलीकडे गतिरोधकावर आदळली, आणि शेजारच्या तरुणाच्या मांडीवरच्या डब्यातल्या डिस्क संघमित्राच्या ओढणीत येऊन पडल्या.

"सॉरी... ओढणीला ओरखडा नाही ना पडला?"

"ओढणीला नाही. डिस्कचं तुम्ही बघा."

तो हसला. त्याचं नाव प्रशील, जळगावला औषधांच्या दुकानात कामाला. डिस्क जुन्या गेमच्या होत्या. त्यांच्यावर डाग पडायला लागले होते, म्हणून सगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवायच्या होत्या. शेजारची मुलगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकते हे कळल्यावर त्यानं विचारलं, गेमची फाइल दाबून कमी जागेत ठेवायला सीएचडी प्रकार बरा की सीएसओ?

संघमित्राला दोन्हींची नावं फक्त ऐकून माहीत होती. पण तो इतक्या विश्वासानं बघत होता की "माहीत नाही" म्हणवेना.

"सीएसओ," ती म्हणाली. "फाइल लहान होते."

एरंडोल येईपर्यंत तिनं ते काम अंगावर घेतलं होतं... आणि नंबरही दिला होता.

मग रोज मेसेज सुरू झाले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. पेन ड्राइव्ह देताना ती ऐटीत म्हणाली, आता डिस्क टाकून दिल्यास तरी चालेल. त्यानं त्या पारोळ्याच्या आपल्या झुलालमामांना दिल्या. मामांनी बाजरीवरची पाखरं उडवायला शेतात टांगल्या, हेही त्यानंच तिला कळवलं.

नंतर त्यानं तिला घरी बोलावलं. त्याचा थोरला भाऊ, बुद्धभूषण, आजारपणात दृष्टी गमावून बसला होता. लहानपणी दोघं शर्यतीचा एक गेम खेळायचे. त्यातल्या कुठल्या सुरावर कुठलं वळण येतं, हे भाऊला अजून पाठ होतं. प्रशील गाडी चालवणार, भाऊ ऐकून वळणं सांगणार, असा बेत होता.

गेम सुरू झाला. नुसती इंजिनाची घरघर.

"गाणं लाव ना," भाऊ म्हणाला.

"स्पीकर बिघडले वाटतं..." प्रशीलनं तिच्याकडे पाहिलं.

"हो," संघमित्रा म्हणाली, "स्पीकरच असतील."

भाऊ समजूतदारपणे हसला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला. इंजिन ऐकू येत होतं, म्हणजे स्पीकर ठीक होते, हे संघमित्राला कळत होतं.

धुळ्याला परतल्यावर तिनं आधी वाचायला हवं होतं ते सगळं वाचलं. गाणी डिस्कवर वेगळ्या ट्रॅकमध्ये होती. तिनं सीएसओसाठी फक्त डेटाचा भाग उचलला होता, गाणी मागेच राहिली होती. सीएचडीत अख्खी डिस्क जशीच्या तशी राहिली असती. म्हणजे त्यानं आधी जे नाव घेतलं होतं, तेच बरोबर होतं. तिला आरशात बघवेना.

दुसऱ्या दिवशी ती पारोळ्याला गेली. कॉलेजच्या कामाला डिस्क हव्यात, असं मामांना सांगताना आणखी एक खोटं पदरात पडलं.

"बठ्ठ्या तठेच शेतस, पोरी. ले काढी," मामा म्हणाले. सगळ्या शेतातच टांगलेल्या होत्या; तिनं त्या काढून घेतल्या.

बहुतेक डिस्क उन्हानं पांढुरक्या झाल्या होत्या. शर्यतीची तेवढी लिंबाच्या सावलीत टांगलेली. कॉलेजातल्या डिस्क ड्राइव्हनं ती अडखळत का होईना, पूर्ण वाचली. संघमित्रानं सीएचडी केली, हेडफोन लावले... आणि गाणं सुरू झालं.

आता गुपचूप फाइल बदलता आली असती. स्पीकर दुरुस्त झाले म्हटलं असतं, तर प्रशीलला कधी कळलंही नसतं. तेच तिला जास्त टोचत होतं.

ती जळगावला गेली. दुकानाबाहेर, मान खाली घालून, बसमधल्या पहिल्या उत्तरापासून मामांना मारलेल्या थापेपर्यंत सगळं सांगितलं. बाकीच्या गेमची गाणी गेली ती गेलीच, हेही.



"डिस्कचं काही नाही गं," तो म्हणाला. "पण भाऊसमोर तू 'हो' म्हणालीस... ते लागलं."

"मला लाज वाटते, प्रशील."

"दिसतंय." तो चाचरला. "मला तुला एक विचारायचं होतं. त्या दिवशी घरी बोलावलं ते त्यासाठीच. आता भीती वाटते — तू हो म्हणालीस, तर ते खरं असेल?"

तिनं मान वर केली. डोळे भरले होते, तरी नजर वळवली नाही.

"असेल," ती म्हणाली. "विचार."