गौरम्माचा आवाज

भूकंपाला चार वर्षं उलटली होती, तरी लातुरात कुणी जोरात खुर्ची ओढली की शेजारची माणसं लेकराबाळांसह रस्त्यावर यायची. आणि नेमक्या त्याच गावात शिवमूर्ती नावाच्या इसमानं आपल्या जीपचा सायलेन्सर काढून फेकला होता.

त्या संध्याकाळी औसा रोडवरच्या मलप्पा सरांच्या क्लासमध्ये सौदामिनी बारावीच्या पोरांना ध्वनी शिकवत होती. फळ्यावर एक लाट काढलेली, लाटेच्या माथ्यावर खडू टेकवलेला... आणि आवाज आला. आधी पायाखालून. मग छताच्या पत्र्यातून. मग थेट दातांतून. बाकावरच्या कंपासपेट्या टकटक नाचायला लागल्या.

पुढचं तिला आठवत नाही. पोरं सांगायची, मॅडम दाराकडे गेल्याच नाहीत, दारच मॅडमकडे आलं. वर्गानं "भूकंप" म्हणायला तोंड उघडलं होतं, अजून "भू" सुद्धा बाहेर पडला नव्हता, तेव्हा मॅडम रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. डोळे गच्च मिटलेले, मुठीत खडू, पायात एकच चप्पल.

आणि त्यांच्या नाकापासून वीतभरावर एक जीप करकचून थांबली होती.

"ओ मॅडम! मरायला माझीच गाडी सापडली काय?"

सौदामिनीनं एक डोळा उघडला. समोर जे होतं त्याला जीप म्हणणं म्हणजे वाघाला मांजर म्हणणं. मिलिटरीच्या लिलावातला सांगाडा, टप कापलेला, बॉनेटचा पत्ता नाही, इंजिन उघडंवाघडं, आणि बाजूनं एक सरळसोट पाइप आभाळाकडे तोंड करून उभा. ही गाडी चालू झाली की औशाच्या म्हशी दूध चोरायच्या, आणि कंधारच्या किल्ल्यातली वटवाघळं भर उन्हात उठून तेलंगणाची वाट धरायची, असं लोक शपथेवर सांगत. कंधारची असूनही सौदामिनीला ते खोटं वाटलं नाही.

"सायलेन्सर कुठाय?" तिनं विचारलं. विचारलं कसलं... खडू फळ्यावर किरकिरावा तसा आवाज निघाला.

"काढला."

"का?"

"बोलू द्या की तिला! गौरम्मा नाव हाय तिचं. आमच्या आजीचं. आजी पण हळू बोलायची न्हाई."

मग त्याला तिचा हात दिसला. मुठीतल्या खडूचा चुरा झाला होता, आणि पांढरी भुकटी तिच्या पदरावर सांडत होती. त्याचं हसू विरलं. त्यानं चावी फिरवली, गौरम्मा गप्प झाली.

रस्ता एकदम शांत झाला. आणि आता त्याच्याच चेहऱ्यावरचा रंग उडाला. कपाळावर घाम. तो इकडेतिकडे बघायला लागला, जणू कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून... काहीही.

तेवढ्यात मलप्पा सर धोतर सावरत बाहेर आले. "मॅडम, मागच्या महिन्यात मिक्सर चालू झाला तेव्हा पळालात, आज ह्या जीपला. पोरं आत, शिकवणारी बाहेर! आईबाप मला काय विचारतील? पुढच्या खेपेला पळालात तर मधे थांबू नका, थेट कंधारलाच जा."

सौदामिनी एका चपलेनिशीच वर्गात परतली. कंधारला जाणं म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. वडील अनंतराव तिथं एक स्थळ धरून बसले होते. ही नोकरी होती तोवर ती मोकळी होती. आणि नोकरी आता तिच्या पायांवर होती, ते पळतात की थांबतात यावर.

पण पायांना कोण समजावणार? भूकंपाच्या पहाटे ती औसा तालुक्यात मावशीकडे होती. गुरगुर ऐकून दोघी जाग्या झाल्या होत्या. मावशी कूस बदलत म्हणाली होती, "ट्रक असंल गं. झोप." मावशीचं ते शेवटचं वाक्य. तेव्हापासून सौदामिनीच्या पायांनी ठरवून टाकलं होतं: कुठलीही गुरगुर ट्रकची नसते.

दुसऱ्या दिवशी ती भाड्यानं राहत होती त्या सिद्धम्माकाकूंच्या घरापुढे शिवमूर्ती पायी येऊन उभा राहिला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली चप्पल, अंगठा नव्यानं शिवलेला.

"गौरम्माच्या चाकाखाली घावली. माफी मागून राहिली ती."

"ती मागून राहिली? आणि मालक?"

"मालकाला लाज वाटून राहिली, मॅडम."

सौदामिनीला हसू आलं. हसू येतंय हे कळताच ती पुन्हा गंभीर झाली, पण त्यानं ते टिपलं होतं.

"मलप्पा सर काय बोलले ते ऐकलं मी," तो म्हणाला. "पाप माझं. फेडू द्या. रोज पाचला मी गॅरेज बंद करून ह्याच गल्लीतनं जाईन. पाचला आवाज आला की समजायचं, शिवमूर्ती हाय. पळायचं न्हाई. सवय होईल बघा."

"आणि चारला आला तर?"

"तर पळा. मी पण पळतो."

सवय लागायला वेळ लागला. पहिल्या दिवशी पाच वाजता ती जिन्याचा कठडा धरून बसली, एवढी घट्ट, की नंतर बोटं एकेक करून सोडवावी लागली. मग कधीतरी ती खिडकीपर्यंत गेली. मग गॅलरीत. खाली तो मान वर करून बघायचा, हात नाही, इशारा नाही, नुसता ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबायचा. गौरम्मा घसा खाकरायची, आणि सौदामिनीच्या छातीत धडधड व्हायची. भीतीचीच होती ती धडधड... पण तिच्या जोडीला आता एक वासही येत होता. डिझेलचा. आणि तो वास तिला आवडायला लागला होता, हे तिनं स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

वर्गातही फरक पडला. बाहेर ट्रॅक्टर गेला, मॅडम हलल्या नाहीत. मलप्पा सरांनी समाधानानं पानाचा तोबरा भरला.

हुरड्याच्या दिवसांत एका रविवारी ती गौरम्मात बसली. सिद्धम्माकाकूंना सांगितलं, विद्यार्थिनीच्या शेतावर जाते. बार्शी रोडला लागताच शिवमूर्तीनं गाडी सोडली, आणि सौदामिनी जी ओरडायला लागली ती त्याचं शेत येईपर्यंत. कडेच्या ज्वारीवरचे रावे उडाले ते म्हणे थेट इस्लापूरच्या धबधब्यावर जाऊन बसले.

"ओरडा, ओरडा!" तो ओरडला. "तुम्ही भारी की गौरम्मा, बघू या!"

गाडी थांबली तेव्हा तिचा घसा बसला होता, केस उभे राहिले होते, आणि ती हसत होती. शेवटचं अशी कधी हसली होती, आठवेना. त्यानं भाजलेलं कणीस हातावर चोळलं, फुंकर मारून दाणे तिच्या ओंजळीत ओतले. बोटं बोटांना लागली. दोघांनीही ओढून घेतली नाहीत.

"शिवमूर्ती... एक मागू?"

"मागा की."

"सायलेन्सर बसवा. माझं ठीक आहे हो. पण काकू रोज पाचला बोचकं घेऊन फाटकाशी उभ्या राहतात. समोरची बाळंतीण लेकरू घेऊन पळते. माझी भीती गेली, पण त्यांची..."

त्याचा हात थांबला. त्यानं कणीस खाली ठेवलं.

"भूकंपात मी माळवदाखाली होतो, मातीच्या छताखाली," तो म्हणाला. "घर बसलं, मग कायच आवाज न्हाई. कायच. मी आजीला हाका मारल्या, म्हशीला मारल्या. एवढी शांतता, मॅडम, की मला वाटलं सगळं जगच मेलंय, मी एकटा उरलो. मग दुपारी लांबनं फटफट आली. मिलिटरीचा ट्रक. सायलेन्सर फुटलेला. तो आवाज आला तेव्हा मला कळलं, माणसं हायत." त्यानं गौरम्माकडे बघितलं. "ती गप्प झाली की मी परत तिथंच असतो."

 सौदामिनी काही बोलली नाही, आणि त्या न बोलण्यानं तो आणखी पांढरा पडला. मग तो उठला. परतीच्या वाटेवर दोघांमध्ये फक्त गौरम्माच बोलत होती.

त्यानंतर पाच वाजले की गल्ली रिकामी. दुसऱ्या दिवशीही. पुढेही. सिद्धम्माकाकू फाटकाशी उभ्या राहून कंटाळल्या. "अय्यो, कुठं मेला तो आवाजवाला?" त्या म्हणाल्या, "सवय लावून जायचं म्हणजे काय?"

 पाच वाजले की सौदामिनी उगाच वेणी घालायची, सोडायची, पुन्हा घालायची. मी माणसाकडे त्याचा श्वासच मागितला, तिला वाटायचं. आता तो कशाला येतो?

असेच काही दिवस गेले. मग एका ढगाळ दुपारनंतर, अवकाळी पावसाची बारीक भुरभुर चालू असताना, ती आरशापुढे होती. पाचचा सुमार. आणि गुरगुर आली.

लांबून, खालून, भरदार. आरशाची काच थरथरली. सौदामिनीच्या ओठांवर हसू पसरलं. आला! तिनं अर्धी वेणी तशीच सोडली.

"पोरी!" खालून काकूंचा जीव खाऊन आवाज. "पोरी, भाईर ये! भूकंप!"

"काकू, गाडी आहे हो!" ती हसत ओरडली, आणि पळाली. जिन्याकडे नाही. गॅलरीकडे.

हा वरचा मजला क्लासच्या पोरांना खोल्या द्यायच्या म्हणून घाईघाईत चढवलेला. गॅलरीचा कठडा नुसत्या विटांचा. सौदामिनी त्यावर दोन्ही हात टेकून वाकली.

खाली गौरम्मा उभी होती.

उभी होती. कधीची. बंद. उभा पाइप गेला होता, त्या जागी पोटाखाली एक नवाकोरा सायलेन्सर चमकत होता. स्टिअरिंगवर शिवमूर्ती बसला होता, हातात शेवंतीची पुडी, तोंड उघडं, नजर वर तिच्याकडे.

मग हा आवाज कसला?

तिच्या डोक्यात मावशीचं वाक्य उमटलं. ट्रक असंल गं, झोप. हाताखालची वीट सरकली. ती पळायला हवी होती. चार वर्षं जे पाय मिक्सरच्या आवाजालाही पळत होते, ते आता, खरी वेळ आली तेव्हा, जमिनीत रुतले होते. प्रेमानं शहाणे केलेले पाय.

"सौदामिनी!" तो पहिल्यांदाच नावानं ओरडला. पण ती हलेना. मग तिला खाली तो दिसेनासा झाला. जिन्यावर धाडधाड पावलं. कुणीतरी तिचा हात खांद्यापासून उपटल्यासारखा ओढला. खोली, उंबरा, जिना, अंगण... ते जिना उतरले, का जिनाच त्यांच्या अंगावर आला, कोण जाणे. मागं मोठा धप्प आवाज झाला, आणि विटांची धूळ पावसात मिसळून लाल चिखल उडाला.

पलीकडच्या मोकळ्या मैदानात पोचल्यावरच त्यानं हात सोडला. गल्ली सगळी तिथंच जमली होती. काकू बोचक्यावर बसून रडत होत्या, बाळंतीण लेकराला छातीशी धरून होती. कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. मागं वळून बघितलं तर गॅलरीचा अख्खा कठडा गौरम्माच्या ड्रायव्हर सीटवर जाऊन बसला होता. जिथं शिवमूर्ती क्षणापूर्वी होता, तिथं.

दोघंही ओल्या गवतात मटकन बसले.

"मला वाटलं तुम्ही आलात," सौदामिनी म्हणाली.  "भूकंप आला, आणि मी... मी वेणी सोडून हसत गेले त्याच्याकडे."

"मी आलोच होतो की. गप्प आलो." त्याचं हसू अर्ध्यातच अडकलं. "तुमच्यासाठी गप्प आलो, आणि तुमचाच जीव घेत होतो. आख्ख्या रस्त्यानं घाबरत आलो, मॅडम. गाडीत शांतता. हात कापत होते. म्हटलं एवढं गल्लीपर्यंत पोचू, मग तुम्ही कायतरी बोलाल."

"काय बोलायला हवं होतं मी?"

"कायपण. शिव्या दिल्या तरी चाललं असतं."

तिनं त्याच्याकडे बघितलं. विटेच्या धुळीनं त्याच्या पापण्या लाल झाल्या होत्या. आणि तिला कळलं की भीती गेलेली नाही, ती जायची पण नाही, त्याचीही नाही. पण इतके दिवस ती एकटीनं घाबरत होती.

"मग मी रोज बोलेन," ती म्हणाली. "सकाळी उठल्यापासून. कंटाळाल. मलप्पा सर म्हणतात, मॅडम एकदा सुरू झाल्या की घंटा झाली तरी थांबत नाहीत."

"रोज म्हणजे... कुठं? गल्लीतनं?"

"घरातनं."

त्याचे डोळे भरून आले. आजूबाजूला सगळी गल्ली आहे हे विसरून त्यानं तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. काकूंनी रडणं थांबवून मान तिकडे वळवली, आणि बाळंतिणीनं लेकराचे डोळे झाकले.

"तुमचे वडील काय म्हणतील?" त्यानं विचारलं.

"घाबरलात?"

"लई."

"मी पण." ती थोडी जवळ सरकली. मग एकदम गवताला तळवा लावून श्वास रोखला. "शिवमूर्ती... थांबला का हो तो?"

त्यानंही तळवा टेकवला. "थांबला. कवाच."

"मग हे काय हलून राहिलंय?"

"मी," तो म्हणाला.