काळ्या कापडावरचे आरसे

हरवलेली बकरी शोधत रंजीता अरुणावतीच्या काठाखाली उतरली, तर दरडीला चिकटून एक काळं कापड उभं, आणि त्याखालून दोन पाय बाहेर.

"कोन हो... बकरी पाह्यली काय?"

"पाह्यली. माह्या डब्यातली पोळी खाऊन गेली," कापड बोललं. "वरचा कोपरा धर जरा. उजेड शिरून राह्यला."

तिनं धरला. बकरी त्याच दिवशी घरी पोचली, पण रंजीता रोज नदीवर येत राहिली.

धम्मपाल कामरगावचा, विद्यापीठात संशोधन करणारा. दरडीत लोखंडी नळ्या ठोकून तो हिमयुगातली माती काढायचा. वीस हजार वर्षं त्या मातीनं ऊन पाहिलं नव्हतं. काढताना जरा उजेड लागला, की तिचं वय कळणं बंद.

"आपल्या मानोरा गावात बर्फ व्हता?" रंजीता हसू दाबत म्हणाली.

"बर्फ तिकडं हिमालयात वाढला. इथं पाऊस आटला. तवा तो कसा बिघडला थे समजलं, तर आताचा काहून बिघडला थे समजन."

"आन् आताचा सुधरला... तर मले ऊस तोडाले जा लागणार नाही?"

तो तिच्याकडे नुसता बघत राहिला, आणि वेडी तेवढ्यावरच खूश झाली.

दिवाळी सरली. रंजीताच्या तांड्यावर ऊसतोडीला नेणारे ट्रक यायचे दिवस आले. मुकादमाला नवरा-बायकोची जोडी लागते, एकटी पोर नाही. म्हणून सोमलानं, तिच्या बापानं, निघण्याआधीच बादलशी तिचं लग्न उरकायचं ठरवलं. रंजीतानं धम्मपालचं कापड धुवायला म्हणून घरी नेलं आणि त्यावर लाल-पिवळ्या दोऱ्यानं आरसे टाकले. तांड्यातली पोर असं भरतकाम कुणासाठी करते, हे तांड्यातल्या शेळ्यांनाही ठाऊक असतं.

धम्मपालनं कापड उन्हासमोर धरलं. टाक्याटाक्यातून प्रकाश आत आला.

"हे काय केलं, रंजीता? आता हे कामाचं नाही राह्यलं."

"उसवते मी."

"भोकं राह्यतात."

"टाके कायले घातले... थे नाही समजलं?"

"समजलं." त्यानं कापडाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "मातीचं वय येऊ दे. मंग घरी बोलतो. सहा महिने थांब."

"माती थांबते. माहा बाप नाही थांबत. आज चाल, त्याच्यासमोर उभा राह्य. बस, एवढंच."

"आज नळ्या काढा लागतात..." त्यानं कापड तिच्या हातात दिलं. "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी तो आला. नवं काळं कापड घेऊन नदीवर आला, तांड्यावर नाही. तो वाईट माणूस नव्हता, हेच तिला जास्त लागलं.

आरसे तिनं ट्रकमध्येच उसवून रस्त्यावर टाकले. कापड तेवढं ठेवलं. फडात पहिल्याच दुपारी ते डोक्याला बांधलं, तेव्हा बादल, तिचा नवरा, पाहतच राहिला.

"काळं कापड उन्हात तापते. काहून बांधतं?"

"उजेड लागू नये म्हणून," रंजीता म्हणाली आणि उसाच्या बुडाशी वाकली. भोकांतून ऊन तिच्या केसांत उतरत होतं.