चाळीस टाचणं

हेमावती पोस्टातून बाहेर आली, भिंतीला टेकवलेली काळी सायकल काढली आणि थेट नव्या पेठेपर्यंत गेली. तिथं बांगड्यांच्या दुकानापाशी मागून कुणीतरी धापा टाकत ओरडलं, "ओ बाई! थांबा की! सायकल माझी हाय ती!"

तिनं वळून पाहिलं. घामाघूम झालेला एक तरुण, तुटलेली चप्पल हातात धरून उभा होता.

"तुमची? मग माझी कुठंय?"

"ते मला कसं कळणार?"

ती विचारात पडली. मग हळूहळू तिचे कान तापले. "मी... मी आज चालत आले होते."

आता हा रागावणार, असं तिला वाटलं. त्यानं नुसतं हँडल हातात घेतलं. "होतं असं. मी एकदा रविवारी शाळेत जाऊन घंटा दिली होती."

तो ईश्वरप्पा, नगरपालिकेच्या शाळेतला मास्तर, मूळचा अक्कलकोटकडचा. हेमावती हसली, आणि हसता हसता जे घरी कुणाला सांगितलं नव्हतं ते भर रस्त्यात सांगून बसली.

ती डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. दहा मार्चपर्यंत चाळीस पाठांची टाचणं, म्हणजे कोणता पाठ कसा शिकवायचा त्याची लेखी टिपणं, द्यायची होती. नाही दिली तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. फेब्रुवारी लागला होता आणि झाली होती साडेसहा. अण्णा, म्हणजे तिचे वडील गुरुसिद्धप्पा, म्हणाले होते, यंदा झालं तर झालं, नाहीतर शिक्षण बंद.

"आळस करता?" त्यानं विचारलं.

"सगळे तेच म्हणतात." ती म्हणाली. "मी रोज बसते हो. पेन्सिलीला टोक काढते, मग दिसतं कंपासपेटी मळलीय, ती धुवायला जाते, तिथं आईचं काहीतरी निघतं... संध्याकाळ होते. वही तशीच."

ईश्वरप्पानं तुटकी चप्पल हँडलला अडकवली. "माझंबी तसंच होतं. मी अभ्यासाला बसलो की आमची आत्या जवळ येऊन बसायची. बोलायची नाही, शिकवायची नाही. नुसती बसायची. पण व्हायचं बघा." मग सायकलच्या घंटीकडे बघत म्हणाला, "वाचनालयात मी रोज पाचला वह्या तपासतो. समोरची खुर्ची रिकामी असते..."

दुसऱ्या दिवशी ती गेली. त्यानं तिची पिशवी टेबलाखाली ठेवायला लावली. वर फक्त एक वही, एक पेन. डोक्यात दुसरं काही आलं तर कागदाच्या चिठ्ठीवर लिहायचं, उठायचं मात्र नाही. पहिल्या दिवशी एका टाचणात अकरा चिठ्ठ्या झाल्या. पण टाचण पूर्ण झालं.

मग रोज एक, कधी दोन. बोलणं फारसं नव्हतंच. तो लाल पेनानं बरोबरच्या खुणा करायचा, ती मान वर करायची, तोही नेमका तेव्हाच करायचा... आणि दोघं घाईनं खाली बघायचे. एका चिठ्ठीवर तिनं लिहिलं, 'यांच्या शर्टाचं बटण तुटलंय.' ती चिठ्ठी मात्र तिनं मुठीत चुरगाळली.

एका सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही. हेमावती दोन दिवस कोरी वही घेऊन बसली आणि मनातल्या मनात त्याच्याशी भांडली. बुधवारी वहीत तिच्याच अक्षरातली चिठ्ठी सापडली: 'ईश्वरप्पा सोमवारपासून मोडनिंबला. शिबिर. आठ दिवस.' तिला रडू आलं, थोडं हसूही. अजून बारा टाचणं राहिली होती.

घरी जाऊन तिनं शेजारच्या मायाक्काला हाक मारली. "मायाक्का, शेंगा सोलायच्यात ना तुम्हाला? माझ्यासमोर बसून सोला. काही बोलू नका."

"खुळी का काय ही!" मायाक्का म्हणाली, पण बसली. सहा दिवस बसली.

दहा तारखेला टाचणं देऊन हेमावती वाचनालयात आली. ईश्वरप्पा परतला होता. तिनं सगळं सांगितलं — शेंगांसकट. त्याला आनंद झाला, ते दिसलं. मग त्याचा चेहरा जरा उतरला, तेही दिसलं.

"चांगलं झालं की," तो वह्या उगीच सारख्या करत म्हणाला. "म्हणजे आता मी बसायची काही गरज नाही."

"नाही," ती म्हणाली. "टाचणांसाठी नाही."

त्याचे हात थांबले. "मग... कशासाठी?"

पलीकडच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यानं वर्तमानपत्र खाली केलं. हेमावतीला ते कळलं, पण आज ती मध्येच सोडणार नव्हती.

"तुम्ही नव्हता तेव्हा काम झालं," ती हळू म्हणाली. "करमलं मात्र नाही. हे मी घरी जाऊन नीट विचार करून सांगणार होते. पण मी घरी गेले की काय होतं, तुम्हाला माहितीय... म्हणून आत्ताच सांगते. अण्णांना भेटायला या."

ईश्वरप्पानं लाल पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"कधी येऊ?"

"रविवारी."

"येतो," तो म्हणाला. आणि टेबलावरची एक कोरी चिठ्ठी तिच्यापुढं सरकवून म्हणाला, "पत्ता तेवढा लिवून द्या की."