अर्ध्यावर थांबणाऱ्या मुली

हेमलता निटुरेंचा जर्मनचा वर्ग चिडीचूप होता, आणि बाईंना त्याचं कोण कौतुक! लातूरच्या त्या शिकवणीत एकतीस परिचारिका परदेशी नोकरीसाठी भाषा शिकत होत्या. वीस वर्षं घसा फोडून शिकवत आलेल्या बाईंना शांत वर्ग म्हणजे अभ्यासात बुडालेला वर्ग, एवढंच ठाऊक. तिथंच त्या फसल्या.

वर्गात 'ओघ' येऊन सहा महिने झाले होते. गळ्यावर चिकटवायची नखाएवढी पट्टी आणि मोबाइलवरचा ऑनलाइन शिक्षक, एवढाच सगळा पसारा. पट्टी गळ्याच्या स्नायूंची हालचाल टिपायची. पोरगी दोन शब्द बोलली की उरलेलं वाक्य ओघला आपोआप कळायचं, आणि तो लगेच उत्तर देऊन पुढचा धडा उघडायचा. कुणी हसायला नाही, कुणी चुका काढायला नाही. जिचा तिचा अभ्यास, जिची तिची गती. बाईंनी नुसतं पडद्यावर, सगळे धडे संपून कुणाचा दिवा हिरवा झाला ते बघायचं.

कौसर शेखचा दिवा सगळ्यांत आधी हिरवा झाला. चार दिवसांनी तिचं विमान होतं. तिकडच्या रुग्णालयात, वृद्धांच्या विभागात तिला रुजू व्हायचं होतं. निघण्याआधी पट्टी काढून तोंडी परीक्षा द्यायची, हा एक जुना नियम बाईंनी हट्टानं राखला होता.

"मी आजोबा. माझ्या छातीत दुखतंय," बाई जर्मनमध्ये म्हणाल्या. "हं, विचार आता."

"आजोबा, तुम्हाला…" कौसर थांबली.

"घाबरलीस होय? बरं, मराठीत विचार."

"आजोबा, तुम्हाला…"

पुन्हा तिथंच. पण पोरगी घाबरलेली नव्हती. नळाखाली घागर धरून उभं राहावं तशी ती बाईंच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"अगं, बोल ना पुढं!"

आता मात्र कौसरचे डोळे भरून आले. तिनं वही ओढली, भराभर दोन शब्द लिहिले, आणि पेन तिथंच अडकलं.

मागच्याच आठवड्यात तिच्या अम्मीचा फोन आला होता. "मॅडम, पोरगी घरात अर्धंच बोलती अन् बघत बसती. कुणी मनात भरलंय का हो हिच्या?" बाई तेव्हा खळखळून हसल्या होत्या. त्या हसण्याची आता त्यांना शरम वाटली.

"सगळ्याजणी पट्ट्या काढा! एकमेकींशी बोला गं, काहीही बोला!"

वर्गभर आवाज उठला आणि दोन-दोन शब्दांवर विरून गेला. मग एकतीस जणी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

बाईंनी ओघच्या मदतकेंद्राला फोन लावला. एका तरुण मुलीनं उचलला. बाईंनी घडलं ते सगळं एका दमात सांगितलं.

"मॅडम, इथं आम्हालापण…" ती मुलगी म्हणाली.

"तुम्हालापण काय?"

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला. बाईंनी फोन खाली ठेवला. आता विचारायचं तरी कुणाला?

त्या कौसरसमोर खुर्ची ओढून बसल्या. "मी आजोबा. माझ्या छातीत दुखतंय. तू विचारेपर्यंत मी हलत नाही."

"आजोबा, तुम्हाला…"

पुढचा शब्द बाईंच्या अगदी जिभेवर आला. वीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. पोरगी अडली की शब्द पुरवायचा. आज त्यांनी दात आवळले. कौसरच्या कपाळावर घाम फुटला, गळ्याची शीर ताठ झाली.

"…दुखायला…"

एक शब्द आला. बाईंचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे गेले. तेवढ्या एका शब्दाला चार मिनिटं लागली होती. आणि तिकडं, त्या परक्या गावात, छाती आवळून धरलेला म्हातारा हिच्यासाठी किती वेळ थांबू शकेल?