लखू मेस्त्रीला दिलेली सुट्टी

ही गोष्ट माझ्याच बाबतीत घडली आहे. ऐकीव नाही. कुणाला पटो न पटो, मला आता वाद घालायचा कंटाळा येतो.

साल १९९४. जागा, कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातलं कुंभारवाडा. आणि वेळ रात्रीची नव्हती. दुपारचे दोन वाजले होते.

मी वासू. तेव्हा रामनगर ते कुंभारवाडा व्हॅन चालवायचो. बस दिवसातून दोनच. त्यामुळे माणसं, तांदळाची पोती, कोंबड्या, सगळं माझ्याच गाडीत. रस्ता जंगलातला. पावसात चिखल, उन्हाळ्यात लाल धूळ. संध्याकाळी घरी आलो की खांदे काढून खुंटीला टांगावेसे वाटायचे.

रामनगरला लखू मेस्त्री होता. त्याचं गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक खड्डा. एकटाच राबायचा. कुठलीही गाडी आली की आधी पुढच्या चाकामागे हात घालायचा. तिथं स्टेअरिंगच्या रॅकवर, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दातेरी दांडीवर, रबराचा बूट असतो, भात्यासारखा घड्यांचा. दोन्ही बाजूंना एकेक. चाक वळलं की तो आकसतो, पसरतो. आतलं ग्रीस आत ठेवतो, बाहेरचा चिखल बाहेर.

"डावा बूट चिरलाय," तो म्हणायचा. "बदलून घे."

"बघू पुढच्या महिन्यात."

"माती आत गेली की रॅकचे दात झिजतात रं. मग एक दिवस गाडी तुझं ऐकायची न्हाई."

मी 'व्हय व्हय' म्हणून निघायचो. नवा बूट आणायला बेळगावला जावं लागायचं, आणि माझ्या अंगात तेवढी ताकद उरायची नाही. मग लखूच सायकलची जुनी ट्यूब कापून बुटाभोवती गुंडाळायचा. वरून तांब्याची तार बांधायचा. तारेचं टोक दोनदा मागं दुमडायची त्याची सवय होती, म्हणजे परत हात घातला तर बोट कापायला नको. रामनगरच्या पाचही व्हॅन अशाच त्याच्या ट्यूबवर चालल्या होत्या.

त्या श्रावणात लखू तापानं गेला. अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. ताप अंगात असतानाही खड्ड्यात उतरत होता.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी...

कुंभारवाड्यात गाडी लावली होती. माणसं उतरून गेली होती. मी सीटवर आडवा पडलो होतो. डोळा लागला नव्हता, हे नक्की.

गाडीखालून आवाज आला.

सर्र... सर्र...

चिंधीनं काहीतरी पुसल्यासारखा.

कुत्रं असेल म्हणून मी पाय आपटला. आवाज थांबला.

मग कुणीतरी लांब श्वास सोडला... दमलेल्या माणसाचा. अगदी माझ्या पाठीखालून.

मी उतरलो. वाकून पाहिलं.

कुणी नव्हतं.

खाली ओला चिखल होता, आणि त्यात एकही पाऊल उमटलं नव्हतं.

पण डाव्या चाकामागे बुटाभोवती ट्यूबची पट्टी होती. लखूनं उन्हाळ्यात बांधलेली पट्टी आठ दिवसांपूर्वीच गळून पडली होती. मी स्वतः पाहिलं होतं. ही नवी होती. तांब्याची तार लखलखत होती.

टोक दोनदा मागं दुमडलेलं...

मी पट्टीला हात न लावता गाडी काढली.

पुढच्या आठवड्यात अणशीच्या रस्त्यावर पाणी प्यायला थांबलो. मागं सुंदरीबाई बसली होती, कुंभारवाड्याची म्हातारी. ती एकदम म्हणाली,

"खाली कोण हाय रं वासू? बिचारा लई दमलाय."

मी गाडी चालू केली आणि निघालो. घरापर्यंत मागं वळून पाहिलं नाही.

रामनगरात चहाच्या टपरीवर परशू भेटला. त्याचीही व्हॅन होती. तोच म्हणाला, "माझ्या गाडीचा बूट कुणी बांधला, तू?"

मी नाही म्हटलं.

"मग लखूच येतोय," तो हसून म्हणाला. "येऊ दे की. फुकट काम हाय."

मला हसू आलं नाही. त्याच संध्याकाळी मी लखूच्या घरी गेलो. त्याची बायको रुक्मा परड्यात लाकडं फोडत होती. मी तिला अक्का म्हणायचो. भीत भीत सगळं सांगितलं.

तिनं कोयता खाली ठेवला.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली.

"काय?"

"रोज तिन्हीसांजेला न्हाणीत पाणी पडतं. जाऊन बघितलं तर कुणी न्हाई. बादलीतलं पाणी काळं... साबण झिजलेला. टॉवेलवर ग्रीसची बोटं. रोज धुते मी तो."

"भीती न्हाई वाटत?"

"त्यांची कसली भीती. पण आधी हात धुतल्यावर घटकाभर बसायचे. चहा प्यायचे. आता बसत न्हाईत रं. हात धुतात आणि परत जातात."

तिचा आवाज रडवेला नव्हता. फार थकलेला होता.

"तुमच्या गाड्या नीट करून घ्या वासू. तुम्ही नीट ठेवत न्हाई म्हणून त्यांना सुट्टी न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी बेळगाव गाठलं. पाच गाड्यांना पाच जोड्या बूट आणले. माझ्या गाडीला बसवले. आणखी तिघांच्या मागं लागून त्यांच्याही गाड्यांना बसवून घेतले. पाचवी जोडी परशूच्या हातात दिली. त्यानं ती कागदासकट सीटखाली टाकली.

"दिवाळीनंतर बसवतो. तोवर लखू हाय की."

मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायचा मला कंटाळा आला. हेच खरं आहे, आणि तेच इथं लिहितोय.

मी रुक्माक्काकडे गेलो आणि म्हणालो, "झालं अक्का. सगळ्यांचं झालं."

"पाचही?"

"पाचही."

दिवस मावळत होता. आम्ही पडवीत बसलो होतो. तेवढ्यात न्हाणीत पाणी पडायला लागलं...

रुक्माक्का शांतपणे उठली. चहाचा कप न्हाणीच्या उंबऱ्यावर ठेवला आणि आत न बघता म्हणाली,

"झालं सगळं. वासूनं पाचही गाड्या करून घेतल्या. लई दमलासा. झोपा आता."

पाणी पडत राहिलं.

मग थांबलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, कप तसाच भरलेला होता. पण टॉवेल पहिल्यांदाच स्वच्छ होता.

त्यानंतर नवव्या दिवशी परशूची व्हॅन अणशी घाटात दरीत कोसळली.

सकाळी अकराची वेळ. परतीचा पाऊस पडून गेला होता. गाडीतला एक जण नंतर म्हणाला की परशू वळणावर चाक फिरवत होता आणि गाडी सरळच जात होती. परशू जागीच गेला. दोघांची हाडं मोडली.

आम्ही दोर घेऊन खाली उतरलो. गाडी उजव्या कुशीवर पडली होती. डावं चाक वर, आभाळाकडे.

मी बघणार नव्हतो. पण बघितलं.

बूट फाटून लोंबत होता. आत लाल चिखल गच्च भरला होता. ट्यूब नाही. तार नाही.

फक्त बुटाच्या उरलेल्या रबरावर, त्या दिवशीच्या ओल्या चिखलावर... ग्रीसची चार बोटं उमटली होती.

हात लावून पाहावं आणि सोडून द्यावं, तशी.

नवी जोडी सीटखाली कागदातच होती. ती मी पिशवीत घालून घरी नेली. पोलीस आले तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

परशूच्या दहाव्याला रुक्माक्का आली होती. मला बाजूला घेऊन तिनं हळूच विचारलं,

"परशूच्या गाडीचा बूट नवा होता न्हवं?"

"व्हय अक्का," मी म्हणालो. "नवाच होता. रस्ता ओला होता, घसरली गाडी."



"मग बरं," ती म्हणाली. "मला वाटलं, मी त्यांना उगाच झोपवलं."

पंधरा वर्षांपूर्वी तीही गेली. शेवटी आजारी होती तेव्हा मी दोन वेळा तिच्या उशाशी जाऊन बसलो. खरं सांगायला म्हणूनच गेलो होतो.

सांगितलं नाही.