नाराच्या झाडीतली वाट

बाहेरचा दिवा राहू दे, मितेश. पूर्वी, तू जरा आत सरकून बस. ही आपल्या माकुणसारच्या नरहरीची गोष्ट. त्यानं स्वतः मला सांगितली.

मंगलावहिनी गेल्या, त्याला तीन वर्षं झाली. नरहरी एकटा पडला, म्हणून गेल्या वर्षी मुलानं, शैलेशनं, त्याला जपानला नेलं. शैलेश ओसाकाला नोकरीला. सून जागृती पोटुशी, सातवा महिना. नारा म्हणून जुनं शहर तिथून तासाभरावर. तिथल्या देवळात सुखरूप बाळंतपणासाठी ताईत मिळतो असं कळलं, आणि नरहरी एकटाच निघाला. एकवीस नोव्हेंबर, शुक्रवार.

मोठ्या बुद्धाला हात जोडले. बागेतल्या हरणांना बिस्किटं घातली. भाषा येत नाही, बोलणार कुणाशी? दिवसभर हरणांशीच बोलला. ताईत घेऊन निघेपर्यंत पावणेपाच. तिकडं तेव्हाच अंधारतं.

परतीची वाट झाडीतून. दोन्ही बाजूंना दगडी दिवे. एका कडेला लहान लहान दगडी मूर्ती, गळ्यात लाल फडकी. गेलेल्या पोरांसाठी बसवतात म्हणे. एकीचं फडकं खाली पडलं होतं. नरहरीनं उचलून बांधलं.

"थंडी लागेल तुला," म्हणाला.

दहा पावलं गेला. मागं पानं वाजली.

थांबला. आवाजही थांबला.

हरीण असेल...

मग स्वेटरचा काठ कुणीतरी धरला. मांडीजवळ. लहानशा मुठीनं.

त्यानं खाली पाहिलं नाही.

"घाबरू नको. मी हाय," तो म्हणाला.

खोटं कशाला सांगू, त्याला बरं वाटलं. मंगलावहिनी गेल्यापासून त्याला असं कुणी धरलं नव्हतं.

दोघं चालत राहिले. झाडी संपली. समोर रस्ता, गाड्या. मूठ सुटेना.

तेव्हा त्याला जागृती आठवली. घरी ती... पोटातलं बाळ...

"बाळा, माज्या घरी नको येऊस."

मूठ तशीच.

"तिथं दुसरं येतंय रे..."

मूठ घट्ट झाली.

त्यानं हात खाली नेला. बोटं सोडवली. एकेक... ओल्या दगडासारखी गार. पाचवं सोडवताना तो रडत होता.

मागं न बघता स्टेशन गाठलं.

जागृतीला मुलगी झाली. दोघी छान आहेत. नरहरी परत आला, आता इथंच असतो.

परवा दुपारी गेलो, तर स्वेटर अंगणात दोरीवर. मे महिन्याच्या उन्हात.

"आता कशाला धुतलास?" मी विचारलं.

"धुतला नाय," तो म्हणाला. "हात लाव."

लावला. सगळा ठणठणीत कोरडा. खालचा काठ तेवढा... मुठीएवढा... ओला.